८ की १६? आधी टास्क मॅनेजर उघडा

घरच्या पीसीला ८ जीबी रॅम (चालू कामांची मेमरी) पुरेल की १६ टाकू, असं विचारलंयत. आधी रोजची सगळी कामं एकदम उघडा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि त्यात मेमरी किती भरली तो आकडा बघा. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी आहे, पण तेवढ्यात मशीन नुसतं सुरू होतं, कामाचं नाही! आमच्याकडे नाशिकरोडला मुलीचा ऑनलाइन क्लास, क्रोमचे वीसेक टॅब आणि माझं टॅली मिळून ८ पैकी ७.३ भरायचे, माउससुद्धा अडखळायचा. ८ जीबी रॅमची आणखी एक पट्टी टाकली, कटकट संपली. मात्र दुकानात जाताना जुनी पट्टी सोबत न्या. मला एम. जी. रोडवर एकाने डीडीआर४ ऐवजी डीडीआर३, म्हणजे आधीच्या पिढीची रॅम, बांधून दिली. खाच जुळेना, भर उन्हात परत फेरी. विंडोज ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वर पैसे घालूच नका, ते त्याहून जास्त रॅम वापरतच नाही.