मदत हवी आहे: रेटिनातली स्टारबर्स्ट पेशी दिशा ओळखते कशी?

नमस्कार मंडळी, मी लातूरला एमएस्सी झूलॉजी करतेय, सेमिनारला रेटिनाचा (डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्याचा) विषय घेतलाय अन् एका जागी गाडी पार अडलीये. बार्लो आणि लेविक या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये सशाच्या रेटिनातल्या काही गँग्लिऑन पेशींचं (डोळ्यातून मेंदूकडं सिग्नल नेणाऱ्या) दाखवलं ना, की ठिपका एका दिशेनं सरकला की धडाधड सिग्नल आणि उलटा सरकला की जवळपास गप्प, म्हणजे मेंदूपर्यंत जायच्या आधीच दिशा ठरते, हे मला लई भारी वाटतं! त्यांना गप्प करणारा गाबा (पेशीला शांत करणारं रसायन) रेटिनातल्याच, चहूकडं फांद्या पसरलेल्या स्टारबर्स्ट अमाक्राइन पेशींकडून येतो, आणि २०११ मध्ये उंदराच्या रेटिनाची जोडणी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं काढली तेव्हा गँग्लिऑन पेशी ज्या दिशेला गप्प राहते तिकडं तोंड केलेल्या स्टारबर्स्टच्या फांद्याच तिला जास्त जोडलेल्या दिसल्या. इथपर्यंत ठीक.

पण स्टारबर्स्ट पेशी तर चहूकडं सारखीच पसरलेली असते, मग तिची एकेक फांदी मधून टोकाकडं जाणाऱ्या हालचालीलाच जास्त प्रतिसाद का देते? एक मत असं की मध्याजवळ संथ बायपोलर पेशी (प्रकाश टिपणाऱ्या पेशींचा सिग्नल पुढं देणाऱ्या) जोडलेल्या अन् बाहेरच्या बाजूला चपळ, म्हणून दोन्ही सिग्नल एकाच वेळी पोचून बेरीज होते. दुसरं मत फांदीच्या स्वतःच्या विद्युत गुणधर्माला अन् शेजारच्या स्टारबर्स्टच्या दाबाला (म्हणजे गप्प करणाऱ्या सिग्नलला) महत्त्व देतं. मला दोन्ही मिळून चालत असावं असं वाटतंय, पण सरांनी विचारलं तर पुरावा कोणता सांगू?

अंबाजोगाई, नांदेडकडचे फिजिऑलॉजीवाले कोणी असतील तर प्लीज सांगा की, फळ्यावर काढता येईल अशी सोपी आकृती असली तर तीपण टाका.