चर्चा: कोगनोळी नाक्यावर बदलणारा तंबाखूचा कायदा, आणि बिडी-मिश्रीला मिळणारी सूट

वेदगंगाकाठ
निपाणीहून कागलला जाताना कोगनोळी ओलांडली की तंबाखूचा कायदा बदलतो. कर्नाटकानं २०२४ची दुरुस्ती मे २०२५मध्ये लागू केली. २१ वर्षांखालच्याला विक्री नाही, हुक्का बार बंद, सार्वजनिक जागी ओढलं किंवा थुंकलं तर दंड २०० वरून १००० रुपये. नाक्यापलीकडे महाराष्ट्रात वयाची अट अजून १८ची. उलट पानमसाला महाराष्ट्रात जुलै २०१२पासून बंद, आणि आपल्याकडे तंबाखू नसलेला पानमसाला राजरोस मिळतो. गुटखा इकडेही मे २०१३पासून बंद आहे, पण पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी अशी माळ टपरीवर लटकलेली असते. गिऱ्हाईक तळहातावर दोन्ही मिसळतं, झाला गुटखा. हाच पानमसाला रात्री पिकअपमधून कागलकडे जातो.

माझं म्हणणं असं: बेळगाव जिल्ह्यात पानमसालाही बंद करा, बिडीवरचा कर वाढवा, आणि निपाणी-चिकोडी पट्ट्यात तंबाखूचं क्षेत्र ठरवून कमी करा. तिन्ही एकदम. एकच केलं तर माल दुसऱ्या वाटेनं फिरतो.

वखार_गल्ली
पहिल्या मागणीला माझी ना नाही. दुसरीला ठाम विरोध. बिडीवर कर म्हणजे वळणाऱ्या बाईच्या पोटावर कर. हिशेब समजून घ्या. रात्री तेंदूपत्ता भिजत घालायचा, सकाळी फर्मा ठेवून कात्रीनं कापायचा, एका पानात पाव ग्रॅमहून कमी जर्दा भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड मोडायचं. दिवसभर मान खाली घालून हजारभर होतात. त्यातून ठेकेदार छाट, म्हणजे नापास बिड्या, काढतो आणि उरलेल्यांचीच मजुरी देतो. पान आणि जर्दा कमी तोलून दिला तर तूट बाईनं स्वतःच्या पैशानं भरायची. कर वाढला की कारखानदार नफ्यातून देणार नाही, छाट वाढवेल. मजुरीचा दर कागदावर तसाच राहील.

दातांचा_दवाखाना
वखार_गल्ली, छाटीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण त्याच बाईचा नवरा तीच बिडी ओढतो, हे हिशेबात घ्या. बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते म्हणून ती हलकी, असा समज गावोगाव आहे. प्रत्यक्षात तेंदूच्या पानातून हवा नीट जात नाही आणि बिडी सारखी विझते, म्हणून झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. डांबर, निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नव्हे, बहुधा जास्तच आत जातं.

आकडेही पाहा. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते. बिडीवाले ७.७ टक्के, सिगारेटवाले ४. सगळ्यात मोठा गट मात्र धूर न काढणाऱ्यांचा, २१.४ टक्के. देशात तंबाखूनं वर्षाला १३ लाखांहून जास्त माणसं जातात. २०१७-१८ सालात या आजारांचा आणि अकाली मृत्यूंचा बोजा १,७७,३४१ कोटी रुपये होता. गरिबाची म्हणून बिडीला सवलत दिली की त्या बोज्यातला मोठा वाटा गरिबाच्याच घरात राहतो.

रयत_चिकोडी
तिसऱ्या मागणीवर बोलतो, कारण त्यावर बोलणारे बहुतेक शेतात उतरलेले नसतात. तंबाखू हौसेनं लावत नाहीत हो. बी इतकं बारीक की एका ग्रॅमात दहा-बारा हजार बिया. पावसाळ्याच्या तोंडाला रोपांचा तरू टाकायचा, ऑगस्ट-सप्टेंबरात लावण करायची, आणि मग काळ्या रानातल्या ओलीवर पीक जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभं राहतं. पाणी नसलेल्या माणसाला रब्बीत दोन पैसे देणारं दुसरं काय आहे? ऊस म्हणाल तर वेदगंगा-दूधगंगेच्या काठावर, नाहीतर बोअर असेल तिथं. सोयाबीन सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतं, त्यामागं शाळू किंवा हरभरा होतो. रानाचं गणित बसतं, पण सोयाबीनला काढणीच्या वेळी पाऊस लागला की शेंगेतच कोंब येतात आणि व्यापारी भाव पाडतो.

भावाचं म्हणाल तर सिगारेटच्या तंबाखूला तंबाखू मंडळ आहे, लिलाव आहे. बिडीच्या तंबाखूला ना मंडळाचा लिलाव, ना हमीभाव. १९८१ला शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीत महामार्ग अडवला गेला तो या भावासाठीच, आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात शेतकरी मेले. त्या पट्ट्यात जाऊन 'क्षेत्र कमी करा' एवढंच म्हणून चालत नाही. आधी सोयाबीन-हरभरा हमीभावानं खरेदी करणारं केंद्र तालुक्याला उभं करा. ते वेळेवर सुरू झालं तर तंबाखूचं रान आपोआप कमी होतंय की नाही बघा की.

वेदगंगाकाठ
रयत_चिकोडी, मान्य. 'ठरवून' म्हणालो ते याच अर्थी. आंतरराष्ट्रीय तंबाखू करारावर भारतानं २००४ साली मान्यतेची मोहोर उठवली, त्याचं १७वं कलम शेतकरी आणि कामगारांना पर्यायी धंदा देण्याबद्दलच आहे. निपाणीत धारवाड कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. पर्यायी पिकांची शिफारस तिथून तालुक्याच्या जमिनीप्रमाणे यावी, एकच पत्रक सगळ्यांना नको.

तोवर निदान एवढं करा. तंबाखूचे शेंडे खुडण्याआधी आणि फुटवे काढण्याआधी दव वाळू द्या. ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून आत जातं. मळमळ, ओकारी, चक्कर, डोकं दुखणं याला लोक उन्हाचा त्रास समजतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, काम संपल्यावर साबणानं हात-पाय, आणि ते कपडे घरी इतर कपड्यांत मिसळायचे नाहीत. पोरांना या कामाला अजिबात लावू नका.

वकिली_नजर
करावर दोन्ही बाजू एक गोष्ट सोडतायत. बिडी कामगारांच्या दवाखान्याला, पोरांच्या शिष्यवृत्तीला, घरकुलाला पैसा जायचा तो बिडीवरच्या कल्याण उपकरातून. जीएसटी आला तेव्हा २०१७ साली तो उपकरच रद्द झाला. पुढे सप्टेंबर २०२५च्या जीएसटी परिषदेत बिडीचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरलं, सिगारेट आणि गुटख्याचा ४०वर न्यायचं ठरलं. म्हणजे कर कमी झाला आणि कामगाराचा हक्काचा पैसाही परत आला नाही. मागणी करायची तर अशी करा: बिडीचा दर वाढवा आणि वाढीव रक्कम नावानिशी कामगारांच्या निधीत टाका. नुसता कर वाढवला तर वखार_गल्ली म्हणतात तेच होईल.

१९६६चा बिडी कामगार कायदा घरखेपी, म्हणजे घरी बसून बिड्या वळणाऱ्यांनाही लागू होता; नोव्हेंबर २०२५मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. ओळखपत्र आणि भविष्य निर्वाह निधी हा बाईचा हक्क आहे, ठेकेदाराची मेहेरबानी नव्हे. कार्डावर रोजची नोंद होते का, छाट किती लिहिली, हे दर आठवड्याला बघून घ्यावं. तक्रार टिकते ती त्या नोंदीवर.

वखार_गल्ली
निधी नावानिशी असेल तर माझा विरोध निम्मा. निम्मा का, तर पैसा बेंगळूर-दिल्लीला जातो आणि इथला दवाखाना डॉक्टरविना राहतो, ही भीती खरी आहे.

मिश्रीमुक्त_खानापूर
सगळे बिडी आणि पुडीवर अडकलात. मिश्रीचं काय? सुटी तंबाखू बाजारातून आणायची, तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची. ना वेष्टन, ना ८५ टक्के जागेवरचं धोक्याचं चित्र, ना वयाची विचारपूस. भाजताना त्यात कर्करोग करणारी आणखी द्रव्यं तयार होतात. ती दिवसातून चार-पाच वेळा हिरडीला चोळली जाते, आणि बाळंतपणातही सुटत नाही. मुंबईतल्या गरोदर बायकांच्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली, मुदतीआधीची बाळंतपणंही जास्त. ही सवय करानं जाणार नाही आणि दंडानंही नाही. आशा ताईंनी गरोदरपणाच्या पहिल्याच नोंदीत 'मिश्री लावता का' असं सरळ विचारावं. 'तंबाखू खाता का' विचारलं तर बायका नाही म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी दात घासणं आहे.

दातांचा_दवाखाना
हे फार महत्त्वाचं आहे. जोडून सांगते. आरशासमोर तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत घालून बघा. दोनच जात असतील, तिखट लागताच आग होत असेल, तर गाल आतून आखडायला लागलाय. हा आजार मुख्यतः सुपारीचा, म्हणून 'तंबाखू नसलेला' पानमसाला निरुपद्रवी नाही. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा असेल तर मलमं लावत बसू नका, दाखवा.

सोडताना पहिले तीन दिवस सगळ्यात जड. निकोटीनची चावायची गोळी (गम) मिळते, २ आणि ४ मिलिग्रॅमची. उठल्यावर अर्ध्या तासात तलफ येत असेल तर ४ची. ती साध्या च्युइंगमसारखी सतत चघळली की उचकी आणि जळजळ होते, आणि लोक दुसऱ्या दिवशी टाकून देतात. थोडी चावा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवा, कमी झालं की पुन्हा चावा, असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको. ज्यांचं तोंडच उघडत नाही त्यांना गोळी जमत नाही, त्यांनी डॉक्टरांना कातडीवर लावायच्या निकोटीनच्या पट्टीबद्दल विचारावं. गरोदर बायकांनी यातलं काहीही स्वतःच्या मनानं घेऊ नये. सल्ल्यासाठी १८००-११-२३५६ हा फोन फुकट आहे.

रयत_चिकोडी
तीन बोटांची चाचणी ग्रामसभेत घेता येईल, त्याला पैसा लागत नाही. पण क्षेत्र कमी करण्याचा ठराव मात्र खरेदी केंद्राच्या तारखेसकट मांडा. तारीख नसेल तर मी विरोधातच हात वर करणार.