हुर्यो नेमकी कुणाची उडवायची?

उत्तरायण (धागाकर्ता)

१ एप्रिल २०२४ रोजी मुंबई इंडियन्स आणि राजस्थान रॉयल्स यांचा सामना पाहायला मी वानखेडेवर होतो. पाच वेळा आयपीएल जिंकून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी डिसेंबर २०२३मध्ये हार्दिक पंड्याला कर्णधार नेमले गेले, त्यानंतरचा घरच्या मैदानावरचा हा पहिलाच सामना होता. नाणेफेकीच्या वेळी हार्दिकचे नाव घेतले जाताच जी हुर्यो सुरू झाली, ती ऐकून समालोचक संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांना नीट वागण्याची समज द्यावी लागली. माझ्या पुढच्या रांगेत रोहितची ४५ क्रमांकाची निळी जर्सी घातलेला नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा होता. हार्दिककडे चेंडू गेला की तो आधी वडिलांच्या तोंडाकडे पाही आणि ते ओरडू लागले की मग स्वतःही तोंडाभोवती हात धरून ओरडे. पुढे सीमारेषेजवळ उभ्या असलेल्या खुद्द रोहितने हातांनी खूण करून लोकांना थांबायला सांगितले, तेव्हा मुलाने हात खाली घेतले. वडील मात्र ओरडतच राहिले.

नापसंती दाखवूच नये, असे माझे म्हणणे नाही. पण कर्णधार बदलण्याचा निर्णय व्यवस्थापनाचा होता आणि त्याची शिक्षा मात्र मैदानात उभ्या असलेल्या, उलट उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसाला मिळत होती. ४ बाद २० अशा अवस्थेत येऊन २१ चेंडूंत ३४ धावा काढणारा, त्या डावात मुंबईकडून सर्वाधिक धावा करणारा फलंदाजही तोच होता. हे आपल्याला योग्य वाटते का?

गिरगावकर

आपल्याशी पूर्णपणे असहमत आहे. व्यवस्थापनाला प्रश्न विचारण्याचा कोणता मार्ग प्रेक्षकाकडे आहे? त्याला मत नाही, सभासदत्व नाही. पदरचे पैसे मोडून काढलेले तिकीट आणि स्वतःचा आवाज एवढेच त्याच्यापाशी असते. कर्णधारपद स्वीकारणारा माणूस त्या निर्णयाचा चेहरा होतो, हे त्यालाही ठाऊक असते. शिवाय याच वानखेडेवर मार्च २००६मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत १ धाव काढून परतणाऱ्या सचिन तेंडुलकरचीही काही प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. मुंबईकरांचे सचिनवर प्रेम नव्हते, असे कोण म्हणेल? ज्याच्याकडून अपेक्षा असते त्याच्यावरच माणूस चिडतो. आणि ४ जुलै २०२४ला विश्वचषक घेऊन संघ परतला, तेव्हा हार्दिकच्या नावाचा गजर याच मैदानावर झाला, हेही विसरू नये.

सायली_ठाणे

गिरगावकर, सचिनचे उदाहरण आपल्याच विरोधात जाते. त्या कसोटीनंतर थोड्याच दिवसांत त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्याला वेस्ट इंडिजचा दौरा सोडावा लागला. दुखऱ्या खांद्याने खेळणाऱ्या माणसाला आपण काय ऐकवले, हे ओरडणाऱ्यांना त्या दिवशी माहीत नव्हते, आणि माहीत असणे शक्यही नव्हते. जुलैमधल्या गजराचेही मला कौतुक वाटत नाही. अंतिम सामन्याच्या शेवटच्या षटकात १६ धावा रोखल्या म्हणून तो गजर झाला. त्या दिल्या गेल्या असत्या तर काय झाले असते, याचा विचार करून पाहावा.

विंगेतून

मी बरीच वर्षे नाटकांची प्रकाशयोजना सांभाळतो, म्हणून रंगमंचाच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे हुर्यो क्वचितच ऐकू येते, नापसंती वेगळ्या वाटेने येते. ठरलेल्या जागी हशा येत नाही, खोकले वाढतात, मध्यंतरानंतर रांगा विरळ होतात. एका तालुक्याच्या गावच्या प्रयोगात दुसऱ्या अंकातल्या अतिशय गंभीर प्रसंगी तिसऱ्या रांगेतील एक कुटुंब उठले. घडीच्या खुर्च्यांच्या बैठका एकामागून एक खाडकन वर आपटल्या. मी पाच मोजल्या. बोलणाऱ्या अभिनेत्रीने वाक्य तोडले नाही, फक्त प्रत्येक आवाजासरशी तिचा पदराचा काठ धरलेला हात आवळत गेला. प्रयोगानंतर तिने दिग्दर्शकाला एवढेच विचारले, की प्रसंग लांबतो आहे का. पुढच्या प्रयोगापासून तो चार मिनिटांनी कमी झाला. प्रेक्षक उठून गेले ते प्रसंग लांबल्यामुळे, म्हणून आम्हाला दुरुस्ती करता आली. हार्दिकने वानखेडेवरच्या आरडाओरड्यातून कोणती दुरुस्ती करायची होती?

गिरगावकर

विंगेतून यांचा अनुभव मनाला भिडला, परंतु नाट्यगृहातील शांतता ऐकू येते, मैदानातील येत नाही. सुमारे ३३ हजार माणसे ठरवून गप्प बसली, तरी दोन चेंडूंच्या मध्ये ध्वनिक्षेपकावर गाणे वाजते आणि निवेदक लोकांना ओरडायला लावतो. जिथे आनंदसुद्धा मागणीनुसार काढून घेतला जातो, तिथे न सांगता उमटणारी हुर्यो ही प्रेक्षकाची स्वतःची अशी एकच गोष्ट उरते. ती मी सोडणार नाही.

जुना_स्कोअरर

हुर्योवर चर्चा चालू आहे म्हणून ती कुठे थांबायला हवी, तेवढेच सांगतो. १३ मार्च १९९६ला ईडन गार्डन्सवर २५२चे लक्ष्य गाठताना भारत ८ बाद १२० असताना बाटल्या पडल्या, आसनांना आगी लागल्या आणि सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. उलट ३१ जानेवारी १९९९ला चेपॉकवर पाकिस्तानने आपल्याला १२ धावांनी हरवले आणि चेन्नईच्या प्रेक्षकांनी उभे राहून त्या संघाला टाळ्या दिल्या. सचिनने १३६ धावा केल्या होत्या, तरीही. हरण्याचे दुःख त्या लोकांना कोलकात्यापेक्षा कमी झाले असेल, असे मला वाटत नाही.

उत्तरायण

गिरगावकर, ध्वनिक्षेपकाचा आपला मुद्दा मला मान्य आहे. तो माझ्या लक्षात आला नव्हता. हुर्यो उडवण्याचा हक्कही मी नाकारत नाही. परंतु ज्यांनी निर्णय घेतला, ते त्याच मैदानात कक्षात बसलेले असतात. त्या संध्याकाळी माझ्या आसपासच्या एकाही माणसाने तिकडे वळून आवाज दिल्याचे मला आठवत नाही. मीही दिला नाही.