मदत हवी आहे: मुलांना घेऊन रोव्हानिएमीला सांताला भेटायला

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हेलसिंकीहून उत्तर फिनलंडमधल्या रोव्हानिएमीला जातोय. मुलं ५ आणि ८ वर्षांची. सांताला भेटायला आधी तिकीट काढावं लागतं का? सांता क्लॉज व्हिलेज आणि सांतापार्क एकच का? आणि कपडे काय घ्यायचे? जाणकारांनी कृपया सांगावं.

ध्रुवतारा: दोन्ही वेगळी. व्हिलेज शहराच्या उत्तरेला ८ किमीवर, आर्क्टिक वर्तुळापाशी, आणि वर्षभर रोज उघडं असतं. प्रवेश फुकट, सांताच्या ऑफिसातली भेटही फुकट. सांतापार्क जमिनीखालच्या गुहेत आहे, तिकीट लागतं आणि फक्त हिवाळी हंगामात उघडतं. वेळ कमी असेल तर व्हिलेजच करा.

स्टेशनवरून ८ नंबरची बस शहरातून व्हिलेजला जाते. विमानाने येणार असाल तर व्हिलेज विमानतळापासून शहरापेक्षा जवळ पडतं. रात्रीच्या रेल्वेने जायचं तर झोपायची केबिन आत्ताच बुक करा, डिसेंबरात शेवटी काही उरत नाही.

एक महत्त्वाचं: व्हिलेजमध्ये सांता दोन ठिकाणी भेटतो, मुख्य इमारतीतल्या ऑफिसात आणि ख्रिसमस हाउसमध्ये. मुलांना एकाच ठिकाणी न्या. दोन्हीकडे नेलंत तर ८ वर्षांचं पोर प्रश्न विचारणारच!

हिमगौरी: कपड्यांचं सांगते. उणे १० ते उणे २० धरून चला, कधी उणे ३० सुद्धा होतं. अंगालगत लोकरी किंवा सिंथेटिक थर्मल, मध्ये फ्लीस, वरून वारा अडवणारा स्नोसूट. आतून सुती बनियन अजिबात नको. घामाने भिजतं, वाळत नाही आणि बाहेर आलं की अंग गारठतं. बूट एक साइज मोठे घ्या. घट्ट बुटात मोज्यांचे दोन जोड कोंबले की रक्त खेळत नाही आणि बोटं आधी गारठतात. मुलांना पाच बोटांचे हातमोजे नकोत, मिटन्स (अंगठा वेगळा आणि बाकी बोटं एकत्र राहणारे हातमोजे) घ्या. स्नोसूट आणि बूट तिथे भाड्याने मिळतात, एवढ्यासाठी विकत घेऊ नका.

खरी अडचण सांताच्या भेटीच्या रांगेत येते. डिसेंबरात तासभर सहज जातो आणि आत चांगलंच गरम असतं. दारातून आत शिरल्याशिरल्या टोपी, हातमोजे, जॅकेट काढा, नाहीतर सांतापर्यंत पोचेतो मुलं घामाघूम आणि रडवेली होतात.

प्रश्नकर्ती: खूप आभार! फोटो आपल्या मोबाइलवर काढता येतो का? आणि तिथल्या पोस्टातून पाठवायच्या पत्राचं कसं असतं?

ध्रुवतारा: ऑफिसात स्वतःचा कॅमेरा चालत नाही. फोटो तिथलेच लोक काढतात. घ्यायची सक्ती नाही, पण स्वस्त नाही, तेव्हा घ्यायचा की नाही ते आधी ठरवून जा. काउंटरवर मुलांसमोर नाही म्हणणं फार जड जातं.

पोस्ट ऑफिसात दोन पेट्या असतात. एकीतलं पत्र लगेच निघतं, दुसरीतलं पुढच्या ख्रिसमसला पोचतं. पेटी नीट वाचून टाका. शिक्का तिथला खास असतो.

हिमगौरी: त्या आठवड्यात सूर्य अकरानंतर उगवतो आणि दीडच्या आत मावळतो. म्हणून आर्क्टिक वर्तुळाच्या रेषेवरचे फोटो आणि रेनडिअरची गाडी उजेडात उरका, रांग अंधार पडल्यावर लावा. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी अचानक बंद पडते. आत जाताना तो झिपच्या पिशवीत घाला आणि थोडा कोमट झाल्यावरच काढा, म्हणजे लेन्सवर बाष्प धरणार नाही.