मदत हवी आहे: लस न घेतलेला भाचा राहायला येतोय

रेवाची_आई: शनिवारी नणंद मुलाला घेऊन पंधरा दिवसांसाठी येतेय. भाच्याला एकही लस टोचलेली नाही, "अंगची ताकद वाढू दे" म्हणते. आता तिच्या सोसायटीत गोवर निघालाय. नको येऊस म्हटलं तर सासूबाई अबोला धरणार. नवरा म्हणतो, रेवाच्या सगळ्या लसी झाल्यात, घाबरतेस कशाला. कोण बरोबर? लवकर सांगा, तिकिटं काढून झालीत.

खडीसाखर: रेवा केवढी? भाचा केवढा?

रेवाची_आई: अहो, साडेसात महिन्यांची. पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), पोलिओ सगळं वेळेवर. भाचा चार वर्षांचा. ते ठाण्याला, आम्ही नागपूरला.

खडीसाखर: मग "सगळ्या" कुठून झाल्या? गोवर-रुबेलाचा पहिला डोस 9 महिने भरल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. तोवर आईकडून आलेलं संरक्षण, तेही ओसरत आलेलं. नवऱ्याला लसीकरणाचं कार्ड वाचायला द्या.

आजोबा_ऑनलाइन: आमच्या वेळी घरोघर गोवर निघायचा. उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवायचे, आठवड्यात पोरं अंगणात. जगलोच ना?

खडीसाखर: जगले तेच इथे लिहितायत, काका.

आजोबा_ऑनलाइन: टोमणे नकोत.

 

झेडपी_मास्तर: 2018 च्या गोवर-रुबेला लसीकरण मोहिमेत पालक आम्हाला मोबाइलवर क्लिपा दाखवायचे, लसीने मूल स्वमग्न (ऑटिस्टिक) होतं म्हणून. त्याचं मूळ असलेला 1998 चा शोधनिबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला, ते क्लिपेत नसायचं. गोवराला शंभरातली 95 मुलं टोचलेली लागतात, तेव्हा रेवाएवढी बाळं झाकली जातात. तुमची नणंद त्या 95 जणांच्या जिवावर ताकद वाढवतेय.

आजोबा_ऑनलाइन: भाच्याला पुरळ नसेल तर येऊ द्या की.

खडीसाखर: पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून गोवर पसरतो! भाच्याला उद्याच टोचा, सरकारी दवाखान्यात फुकट आहे. लस अंगी लागायला दोन आठवडे द्या. आणि बालरोगतज्ज्ञांना विचारा: 2022 मध्ये मुंबईत गोवंडीला गोवराची साथ आली तेव्हा साथीच्या भागात सहा महिन्यांपासून जादा डोस द्यायला सांगितलं होतं. तो मोजत नाहीत, पुढचे दोन्ही घ्यावेच लागतात.

रेवाची_आई: कार्ड दाखवलं, नवरा गप्प. नणंदेला "आधी टोच, मग ये" म्हटलं, तिने फोन ठेवला. तिकीट रद्द केलं तर किती कापतात?

आजोबा_ऑनलाइन: वेटिंग की कन्फर्म? स्लीपर की एसी?