'द सोशल नेटवर्क'मध्ये झुकरबर्गवर अन्याय झालाय का?

पाऊलवाट:
काल परत 'द सोशल नेटवर्क' बघितला, डेव्हिड फिंचरचा, २०१०चा, फेसबुक कसं सुरू झालं त्यावरचा. सिनेमा म्हणून जबरदस्तच आहे, पहिला ब्रेकअपचा सीन, दोघं बारमध्ये बसून एकमेकांचं बोलणं तोडत बोलतायत, त्याचे ९९ टेक घेतले होते आणि ती मेहनत दिसते. पण अख्खी गोष्ट उभी कशावर आहे, तर एका मुलीने सोडलं म्हणून पोराने जिद्दीने फेसबुक काढलं यावर. ती एरिका काल्पनिक आहे. खरा झुकरबर्ग २००३ मध्येच प्रिसिला चॅनला भेटला, २०१२ला तिच्याशीच लग्न केलं, आणि ती सिनेमात औषधालाही नाही. सिनेमा आला तेव्हा तो २६ वर्षांचा होता हो! जिवंत माणसाच्या नावानिशी तुम्ही त्याच्या मनातलं स्वतःच लिहिणार, हे मला चूक वाटतं. नावं बदलून काढायचा मग.

चाफा:
नाही पटलं. झुकरबर्गने फेसमॅश, म्हणजे हार्वर्डच्या मुलींचे फोटो शेजारी ठेवून कोण जास्त सुंदर ते ठरवायची साइट, काढली त्या रात्री त्याने स्वतःच्या ऑनलाइन डायरीत एका मुलीबद्दल वाईट शब्द लिहिलेत, तिला डोक्यातून काढायला काहीतरी करायला हवं असंही लिहिलंय, सिनेमातलं नॅरेशन बरंचसं तिथूनच आलंय. म्हणजे मुलगी हवेतून आली नाही, नाव बदललं. आणि सिनेमा कुठे म्हणतो की हेच सत्य? सगळी गोष्ट दोन खटल्यांतल्या जबान्यांतून येते, प्रत्येक जण आपापलं सांगतो. शेवटी ती तरुण वकील त्यालाच सांगते की भावनेच्या भरात दिलेल्या साक्षीतलं ८५ टक्के मी अतिशयोक्ती धरते आणि उरलेली १५ टक्के खोटी साक्ष, अशा जन्मकथांना एक सैतान लागतोच. याहून स्पष्ट काय सांगायचं?

पाऊलवाट:
चाफा, ती डायरी फेसमॅशची, ऑक्टोबर २००३ची. फेसबुक सुरू झालं ४ फेब्रुवारी २००४ला. मधल्या तीन महिन्यांचं काय? एका रात्रीचा राग उचलून पुढच्या सगळ्यावर चिकटवलाय. आणि वकिलाच्या तोंडी एक वाक्य घातलं की जबाबदारी संपली का, त्यानंतर लगेच शेवटचा शॉट काय आहे बघा, एरिकाला फ्रेंड रिक्वेस्ट पाठवून एकटाच रिफ्रेश करत बसलाय. लोकांच्या लक्षात तोच राहतो.

उत्तररात्र:
तुम्ही दोघं त्या मुलीपाशीच अडकलात. मी पुण्यात एका छोट्या कंपनीत सुरुवातीपासून आहे, मला हा सिनेमा एदुआर्दो सॅव्हरिनचा वाटतो, झुकरबर्गच्या सहसंस्थापक मित्राचा. नवीन शेअर काढले की जुन्यांचा टक्का कमी होतो, यात गैर काही नाही, पैसा आणायचा तर सगळेच थोडं थोडं सोडतात. इथे तसं झालं नाही. एदुआर्दोने भरलेल्या खटल्यात वकीलबाई विचारते झुकरबर्गचा हिस्सा किती खाली आला, एदुआर्दो म्हणतो आलाच नाही. मग कंपनीतल्या बाकी भागीदारांचं विचारते, मॉस्कोविट्झचा? नाही. पार्करचा? नाही. थीलचा? नाही. आणि याचा ०.०३ टक्के. कागद वाचून न घेता मित्रावर विश्वास ठेवून सही केली, बस. अशा सह्या आजही होतायत, मी होताना बघितल्यात, आणि कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेल्या प्रत्येकाने तो सीन बघावा असं मला मनापासून वाटतं.

निळू:
उत्तररात्र, सीन भारीच आहे पण बाजू एकच आहे. ज्या पुस्तकावरून सिनेमा घेतला, बेन मेझरिकचं, त्याला माहिती देणारा मुख्य माणूस सॅव्हरिनच होता. साहजिकच तो भोळा दिसणार. कंपनीचं बँक खातं त्यानेच गोठवलं, ते सिनेमातही आहे, पण त्याचा राग कुणाला येत नाही, कारण त्याचं काम करणाऱ्या अँड्र्यू गारफिल्डचा चेहराच असा आहे. प्रत्यक्षात तडजोड झाली, सहसंस्थापक म्हणून नाव परत लागलं आणि २०१२ला शेअर बाजारात आल्यावर त्याचा हिस्सा अब्जावधी डॉलरचा होता. लोक मात्र ०.०३च धरून बसलेत.

उत्तररात्र:
निळूभाऊ, पैसे मिळाले ते कोर्टात गेल्यावर. सहीच्या दिवशी मित्राने तोंडावर सांगितलं नाही, माझं म्हणणं तेवढंच आहे.

मृगजळ:
एका गोष्टीवर अजून कुणीच बोललं नाही. आमची कल्पना झुकरबर्गने चोरली म्हणून दुसरा खटला भरणाऱ्या तिघांत दिव्य नरेंद्र आहे, भारतीय आईवडलांचा मुलगा, आणि ती भूमिका दिली ब्रिटिश नट मॅक्स मिंगेलाला. हार्वर्डमधल्या त्या श्रीमंत क्लबांच्या वर्तुळात आपल्याकडच्या दिसण्याचा एक मुलगा वावरतोय, ही केवढी बोलकी गोष्ट होती, ती पुसली गेली. मला एरिकापेक्षा हा अन्याय मोठा वाटतो. बाकी पटकथाकार सोर्किनचे संवाद मी कधीही ऐकेन, पटकथेचं ऑस्कर त्याला मिळालं ते योग्यच झालं.

पाऊलवाट:
मृगजळ, पूर्ण सहमत, आणि तोही माझ्याच मुद्द्यात बसतो. झुकरबर्ग स्वतः म्हणाला होता की कपडे तेवढे बरोबर दाखवलेत, अगदी ज्या टीशर्ट त्याच्याकडे होत्या त्याच. एखाद्याला काहीतरी बनवायला आवडतं म्हणून तो बनवतो हे मात्र सिनेमावाल्यांना समजलंच नाही, असंही म्हणाला.

चाफा:
तो तसं म्हणणारच. फेसमॅशवर फोटो टाकताना त्या पोरींना विचारलं नव्हतं, हेही बनवण्याच्या आवडीतच धरायचं का? तो भाग तर काल्पनिक नाही, त्यासाठी हार्वर्डने त्याला चौकशीला बोलावलं होतं. आधी त्यावर बोला.