आईच्या अंगावर किरणं नेमकी कुठं पडतात, हे कुणी बघतं का?

द्राक्षवाला_तासगाव (सोमवार, रात्री)

नमस्कार. आईचं वय ६१. डाव्या बाजूच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली, आता शेक (रेडिएशन) चालू आहे. एकूण १५ सिटिंग, आज ११ वं झालं. आम्ही घरात शेक म्हणतो, आई मात्र पहिल्या दिवसापासून ‘लाइट’ म्हणते. ‘आज लाइट घेऊन आले’ असं शेजारणीला सांगते.

शुक्रवारपासून काखेच्या खाली, टाके जिथं संपतात तिथं कातडी काळी पडून सोलायला लागली आहे. जागा दोन रुपयांच्या नाण्याएवढीच आहे, पण तिला त्या कुशीवर झोपता येत नाही. बाकी छाती नुसती सावळी झाली आहे, दुखत नाही. डॉक्टरांनी बघितलं, ‘होतं असं, मलम लावा’ म्हणाले. त्यांच्यावर माझा अविश्वास नाही. बाहेर एवढी माणसं ताटकळत उभी असतात, की मला पुढं विचारायला जमलं नाही.

माझी साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. फवारणी झाली की मी ब्लोअर बंद करून वेलीत शिरतो आणि पान उलटून बघतो. टाकीत औषध किती घातलं, ट्रॅक्टर कुठल्या गिअरमध्ये चालवला, हे सगळं बरोबर असलं तरी घडाच्या मागं थेंब पोचला का, हे बघितल्याशिवाय समाधान होत नाही. डाऊनी रोग येतो तो जिथं औषध पोचलं नाही तिथं, आणि स्कॉर्चिंग, म्हणजे पान करपणं, होतं ते जिथं जास्त बसलं तिथं. आईच्या बाबतीत मला हेच विचारायचं आहे. प्लॅन कॉम्प्युटरवर दाखवला, रंगीत पट्टे होते. पण मशीन चालू झाल्यावर किरणं खरोखर कुठं पडली, किती पडली, हे कुणी पान उलटून बघतं का?

पुतण्यानं एक व्हिडिओ दाखवला. बाई मशीनखाली झोपली आहे आणि किरण पडेल तिथं छातीवर उजेड उमटतोय. मी म्हणालो खोटा आहे, किरण डोळ्यांना दिसत नाहीत. तो म्हणतो खरा आहे. खरा असेल तर आपल्याकडं का नाही? शिवाय एक दिवसाआड छातीवर जेलीसारखी जाड चादर ठेवतात, ती कशासाठी? त्यानं कातडी जळते का? आणि शेजारच्या काकू हळद-खोबरेल लावा म्हणतात. घरची हळद आहे, लावू का?

---

मापन_मिरज (सोमवार, रात्री उशिरा)

दादा, हळद आत्ता लावू नका, हे आधी सांगते. सोललेल्या जागी डॉक्टरांनी दिलेलंच मलम, तेही पातळ. सिटिंगला जाताना जाड थर नको, कारण जाड थर कातडीवरचा डोस वाढवतो. सोललेली जागा ओलसर झाली किंवा पाणी येऊ लागलं, तर पुढच्या ओपीडीची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. मनानं सिटिंग चुकवू नका.

मी या भागात मेडिकल फिजिसिस्ट आहे. मशीन किती किरण सोडतं हे मोजणं माझं रोजचं काम, म्हणून तुमचा पान उलटण्याचा प्रश्न वाचून थांबले. रुग्ण सहसा ‘डोस जास्त तर नाही ना’ एवढंच विचारतात. तुम्ही विचारलंय ते जास्त खोलातलं आहे.

व्हिडिओ खरा असू शकतो. किरण दिसत नाहीत हे तुमचंही बरोबर. दिसतो तो किरणांनी शरीरात सुटे केलेल्या इलेक्ट्रॉनचा उजेड. प्रकाश पोकळीत सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, पाण्यात तोच सव्वादोन लाखांवर येतो, मांसातही तसाच मंदावतो. मशीनचे एक्स-रे आत शिरले की इलेक्ट्रॉन एवढ्या जोरात सुटतात की या मंदावलेल्या प्रकाशाच्या पुढं निघून जातात, आणि तेव्हा उजेड बाहेर पडतो. १९३४ साली रशियात पावेल चेरेनकोव्ह यांनी तो नोंदवला, १९३७ मध्ये फ्रँक आणि ताम यांनी त्याचं कारण सांगितलं, आणि १९५८ चं नोबेल तिघांना मिळून दिलं गेलं. ट्रॉम्बेच्या अप्सरा अणुभट्टीच्या हौदात जो निळा उजेड दिसतो, तो हाच. म्हणजे तुमच्या आई बरोबर बोलतात. त्यांच्या अंगातून खरंच लाइट निघते, फक्त ती इतकी मंद असते की खोलीतल्या दिव्यापुढं डोळ्यांना कळत नाही.

मग कॅमेऱ्याला कशी कळते? लिनॅक, म्हणजे किरण देणारं हे मशीन, सलग किरण सोडत नाही. सेकंदाला काही शे ठोके, एकेक ठोका ३-४ मायक्रोसेकंदांचा. सगळे ठोके जोडले तर एका सेकंदात किरण निघतात ते जेमतेम एक-दीड मिलिसेकंद. कॅमेरा नेमका त्या ठोक्यापुरता डोळा उघडतो आणि लगेच मिटतो. उरलेला सगळा वेळ खोलीतले दिवे चालू असले तरी ते त्याच्या लेखी नसतात. तरीही दिवे मंद करावे लागतात. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांच्या गटानं स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारातली अशी पहिली चित्रं २०१४ साली प्रसिद्ध केली, आणि २०२० च्या डिसेंबरात तिथल्या एफडीएनं (औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्यानं) अशा कॅमेऱ्याला परवानगी दिली. त्या चित्रांमुळं कुणाच्या हनुवटीवर, कुणाच्या दंडावर, कुणाच्या दुसऱ्या बाजूच्या स्तनावर नको तो उजेड दिसला आणि झोपण्याची ठेवण सुधारता आली. हे मला फार मोलाचं वाटतं. प्लॅनमध्ये हात वर असतो, पण प्रत्यक्षात खांदा आखडलेला असतो. ते कॉम्प्युटरला कळत नाही, उजेडात दिसतं.

आता ज्याबद्दल मी सावध आहे ते. उजेड म्हणजे डोस नव्हे. डोसच्या प्रमाणात उजेड तयार होतो हे खरं, पण तो कातडीतून बाहेर येताना वाटेत शोषला जातो. निळा भाग रक्त खाऊन टाकतं, म्हणून माणसाच्या अंगातून बाहेर पडणारा उजेड बराचसा तांबडा असतो. चित्रात शिरा काळ्या रेघांसारख्या दिसतात. (त्या रेघांची नक्षी रोज त्याच जागी येते का, यावरून माणूस नीट झोपलाय का हेही कळतं.) आणि कातडीचा रंग! तोच डोस गोऱ्या कातडीवर जास्त उजळ दिसेल, सावळ्या कातडीवर कमी. सांगली-साताऱ्याकडची बाई आणि अमेरिकेतली गोरी बाई एकाच मापानं मोजली, तर आपल्या बाईला डोस कमी मिळाला असं चुकीचं उत्तर येईल. रंगाप्रमाणं दुरुस्ती करण्याच्या पद्धतींवर काम चालू आहे, आणि आपल्यासाठी तेच काम सगळ्यात महत्त्वाचं आहे.

तुमच्या हळदीचंही तेच. हळद निळा प्रकाश शोषते आणि स्वतः हिरवट चमकते. आईंनी हळद लावली तर डोसमध्ये जवळपास काही फरक नाही, पण चित्र बदलेल. एवढं एक उदाहरण लक्षात ठेवलं तरी उजेड आणि डोस यांत गल्लत होणार नाही.

ती जेलीची चादर म्हणजे बोलस. ६ एमव्ही ताकदीच्या किरणांचा डोस वरच्या कातडीवर कमी आणि आत सुमारे दीड सेंटीमीटरवर सगळ्यात जास्त असतो. एरवी हा फायदाच, कातडी वाचते. पण स्तन काढल्यावर छातीची कातडी हीच उपचाराची जागा असते, तिथं पेशी राहू शकतात. म्हणून अर्धा किंवा एक सेंटीमीटर जाडीचा बोलस ठेवून डोस मुद्दाम वर ओढतात. कातडी त्यामुळं जास्त भाजते हे खरं, पण ते ठरवून केलेलं असतं. बोलसच्या खाली हवा राहिली तर मात्र तिथं कातडीचा डोस घटतो, ते बघावं लागतं.

मी काम करते तिथं तो कॅमेरा नाही. आम्ही रोज सकाळी मशीनचं माप तपासतो, आणि रुग्णाच्या अंगावर गरज पडेल तिथं फिल्मचा तुकडा किंवा टीएलडी नावाचा छोटा स्फटिक चिकटवतो. ही तुमची पान उलटण्याचीच पद्धत आहे, फक्त दहा हजार पानांतलं एक पान. फिल्मचा रंग दुसऱ्या दिवशी स्कॅनरवर वाचायचा. म्हणून उद्या डॉक्टरांना एवढंच म्हणा: ‘सर, जिथं सोललंय तिथं एकदा फिल्म लावून बघता येईल का? बोलस असताना आणि नसताना.’ यात कुणाचा अपमान नाही. आम्हाला कुणी असं विचारलं तर बरं वाटतं.

---

सेवानिवृत्त_सातारा (मंगळवार, सकाळी)

मी आजवर हे कुणाला सांगितलं नव्हतं. डोळ्यामागं गाठ होती, ३० सिटिंग झाली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिटल्या डोळ्यांपुढं निळा लख्ख उजेड आला. मास्क बांधलेला, हलता येत नाही, बोलता येत नाही. वाटलं डोळा गेला. बाहेर आल्यावर टेक्निशियनला सांगितलं तर तो म्हणाला, भास असेल. पुढचे पाच आठवडे रोज तो उजेड बघत मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत राहिलो. आज दृष्टी शाबूत आहे.

मॅडम, तो हाच उजेड का?

---

मापन_मिरज

हो काका, हाच. डोळ्याच्या आतल्या पाणीदार गरातून किरण जाताना तो तिथंच तयार होतो, म्हणून पापण्या मिटूनही दिसतो. डार्टमथच्याच लोकांनी रुग्णाच्या डोळ्यातून बाहेर येणारा तो उजेड कॅमेऱ्यात पकडलाय. तो भास नव्हता. तुम्हाला हे पहिल्याच दिवशी कुणी तरी सांगायला हवं होतं, याचं मला वाईट वाटतं.

---

रेडिओथेरपी_ताई (मंगळवार, दुपारी)

दादा, मी टेक्निशियन आहे, रोज बायकांना टेबलवर झोपवते. दोन गोष्टी.

छातीवर जो पिवळसर चौकोन पडतो तो बल्बचा, आखणी जुळवण्यासाठी. लाल-हिरव्या रेघा लेसरच्या. दोन्ही किरण सुरू होण्याच्या आधीचे. त्यावरून डोस कळत नाही, तेव्हा त्या व्हिडिओतल्या उजेडाशी त्याची सांगड घालू नका.

दुसरी. असा कॅमेरा उद्या इथं आला तर मला आनंदच होईल, पण त्याआधी बाईला विचारायला हवं. खोलीत सीसीटीव्ही असतोच, आम्ही बाहेरून बघत असतो, आणि तेवढ्यानंही कित्येकजणी पदर सोडत नाहीत. उघड्या छातीचं चित्र साठवायचं म्हणजे ते कोण बघणार, कुठं राहणार, हे तिला तिच्या भाषेत सांगायला हवं. तुमच्या आई पहिल्या दिवशी किती संकोचल्या असतील, ते आम्ही बघतो. तुम्ही दाराबाहेर असता.

घरी मऊ सुती सैल ब्लाऊज, शिवण काखेत टोचत असेल तर उलटा घाला. चोळू नका, नुसतं टिपा. आणि सिटिंग संपलं म्हणजे कातडी लगेच सुधारत नाही. आठवडाभर उलट वाढल्यासारखी वाटते, मग उतरते. घाबरू नका.

---

द्राक्षवाला_तासगाव (शनिवार, सकाळी)

सगळ्यांना सांगायला आलोय.

मंगळवारी मॅडमनी लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. डॉक्टरांनी लगेच फिजिसिस्टना बोलावलं. बुधवारी बोलस होता, गुरुवारी नव्हता. दोन्ही दिवशी फिल्मचे तीन तुकडे लावले: एक छातीच्या मधोमध, एक टाक्यांवर, आणि एक सोललेल्या जागी. ती जागा नीट बघितल्यावर कळलं, ऑपरेशननंतर तिथं कातडीची एक घडी राहिली आहे. हात वर केला तरी ती पूर्ण उलगडत नाही.

शुक्रवारी मला स्कॅनरच्या खोलीत बोलावून दाखवलं. रोजचा ठरलेला डोस २.६७ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप). बोलसच्या दिवशी तिन्ही तुकडे अडीचच्या आसपास. बोलस नसताना मधला आणि टाक्यांवरचा पावणेदोनच्या जवळ, आणि घडीतला २.४. म्हणजे कातडीवर कातडी बसल्यामुळं घडीनं स्वतःचाच बोलस केला होता. बाकी छातीला एक दिवसाआड जे मिळत होतं, ते त्या जागेला रोज मिळत होतं. मशीन चुकलं नव्हतं, प्लॅनही चुकला नव्हता.

मी विचारलं, तो कॅमेरा असता तर हे दिसलं असतं का? ते म्हणाले, कॅमेरा वरून बघतो, घडीच्या आत त्याला दिसत नाही. पण घडी रोज पडतेय, हे मात्र पहिल्याच आठवड्यात दिसलं असतं.

कालच्या शेवटच्या सिटिंगला त्यांनी आईचा हात थोडा आणखी वर बांधला, घडी टेपनं ताणून धरली. सोललेल्या जागी आता पट्टी आहे, सोमवारी पुन्हा दाखवायचं आहे.

फिल्मचा एक तुकडा त्यांनी मला दिला. फिकट हिरवी पट्टी, किरण लागले तिथं गडद. तो आईच्या हातात ठेवला आणि सांगितलं, तुझी लाइट इथं उमटली. तिनं तो खिडकीपाशी नेऊन दोन्ही बाजूंनी उलटून बघितला, आणि देवघरात ठेवला.